फुटलेला पाइप आणि पांढरे सांधे

समजा, तुम्हाला एक भिंत बघायला पाठवलंय. भिंतीच्या एका बाजूला न्हाणीघर, दुसऱ्या बाजूला वापरातली खोली. तुमच्या पिशवीत टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि ओल मोजायचं छोटं मीटर. तुम्ही भिंतीला तळवा लावता. भिंत गार लागते. आता सांगा, ही भिंत परवा भिजली की गेल्या वर्षापासून भिजतेय? घाई करू नका. तुमच्या मागे घरची माणसं उभी आहेत आणि त्यांची नजर भिंतीवर नाही, तुमच्या तोंडावर आहे. शॉवरचा भिंतीतला पाइप अचानक फुटला असेल, तर घराच्या विम्यातून भरपाई मिळते. टाइलच्या सांध्यांतून पाणी हळूहळू पाझरत राहिलं असेल, तर मिळत नाही. ती घराची निगा झाली, आणि निगा ज्याची त्यानं राखायची. आणि पाझरतंय हे ठाऊक असून घरमालक गप्प बसला असेल, तर मग बोलायलाच नको. सगळा खेळ 'अचानक' आणि 'हळूहळू' या दोन शब्दांचा. पाण्याला विचारून उपयोग नाही, ते दोन्हीकडे सारखंच ओलं.

हे ठरवायचं काम ज्यांचं होतं, त्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरला ऑफिसात सगळे टकटकराव म्हणत.

नाव त्यांच्या सवयीवरून पडलेलं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ते टाइल वाजवून बघत. टाइलच्या मागे सिमेंटचा माल घट्ट भरलेला असेल तर आवाज भरीव येतो, मागे पोकळी झाली असेल तर आवाज सुटतो, रिकाम्या डब्यासारखा. सवय कामापुरती राहिली असती तर हरकत नव्हती. पण टकटकराव दुकानात कपाट घ्यायला गेले तर कपाट वाजवत, पाहुणे म्हणून गेले तर यजमानांचं न्हाणीघर वाजवत. त्यांची मेहुणी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "भावोजी, तुम्ही आमच्याकडे जेवायला येता की धाड घालायला?" बायकोचं म्हणणं आणखी पुढचं. "मी गेले ना," ती म्हणायची, "तरी हे आधी वाजवून बघतील, खरंच गेली का म्हणून."

संशय काही त्यांच्या रक्तात नव्हता. तो नोकरीनं शिकवला. भिंत जुनी ओली दिसू नये म्हणून तिच्यावर पंखा लावून बसलेली माणसं त्यांना भेटली होती, आणि नवी ओली दिसावी म्हणून बादल्या ओतणारीही भेटली होती. एका गृहस्थानं तर फुटलेला पाइप शेजाऱ्याकडून उसना आणून ठेवला होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. टकटकराव पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. त्यांचा एक नियम होता: काम संपेपर्यंत चहा घ्यायचा नाही. "चहा घेतला की भिंत आपोआप सुकते," असं ते नव्या सर्व्हेअरांना शिकवत.

त्या दिवशी ज्या घराची बेल त्यांनी वाजवली, तिथं पडदे शिवणारी एक बाई राहत होती. बेलवरचं बोट काढायच्या आत दार उघडलं. हेही त्यांनी मनात टिपून ठेवलं: दाराशीच उभी होती, म्हणजे वाट बघत होती, वाट बघत होती, म्हणजे तयारी केलेली आहे.

"या साहेब. घर शोधताना त्रास नाही ना झाला? आधी चहा टाकते."

"चहा नंतर, ताई. भिंत कुठंय?"

घरात दोनच माणसं. ही बाई आणि तिचे सासरे. नवरा दूरच्या शहरात नोकरीला, सुट्टी मिळाली की येणारा. सासरे बैठकीच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर, काठी गुडघ्यांमध्ये धरून बसले होते. त्यांनी हात जोडले आणि लगेच सांगितलं, "डाग नवेच होते हो साहेब. अगदी ताजे."

टकटकरावांनी अजून काही विचारलंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटलं.

बाईची शिवणाची खोली न्हाणीघराला लागून होती. आत पाऊल टाकताच टकटकराव थबकले. नव्या रंगाचा वास येत होता. न्हाणीघराकडची भिंत मलईसारखी स्वच्छ.

"हा रंग कधी दिला?"

"कालच."

"काल? म्हणजे आम्हाला कळवल्यानंतर?"

"अहो, बाहेरचा माणूस घर बघायला येणार," बाई पदराशी चाळा करत म्हणाली, "आणि भिंतीवर हे एवढाले डाग. बरं दिसतं का?"

"ताई, मी डागच बघायला आलोय."

"ते मला आता कळतंय," ती हळूच म्हणाली.

"काळे होते की पिवळट?"

"पिवळट. म्हणजे... खाली जरा काळपट. ओले होते हो, नीट बघितलं नाही."

पडदा शिवताना त्याची उलटी बाजू गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून धडपडणारी बाई भिंतीवरचे डाग नीट बघत नाही? टकटकरावांना ते पटलं नाही. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि त्यांना आणखी एक गोष्ट खुपली. शिवणयंत्र खिडकीपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात होतं, डोक्यावर दिवा लावून. खिडकीखाली जमिनीच्या फळ्यांवर यंत्राच्या पायांचे जुने खळगे स्पष्ट दिसत होते. खिडकी भिजलेल्या भिंतीच्या बाजूला. म्हणजे इथं पाणी येतं हे ओळखून यंत्र केव्हाच हलवलेलं होतं. पाणी मुरतंय, आणि नुसतं भिंतीत नाही.

"यंत्र तिथून का हलवलं?" त्यांनी विचारलं, जरा जास्तच गोड आवाजात.

बाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू सूर्य पूर्वेला का उगवतो असं कुणी विचारलंय. "उन्हानं कापडाचा रंग उडतो, साहेब. गिऱ्हाइकाचे निळे पडदे एकदा अर्धे पांढरे झाले होते. तेव्हापासून ते कोपऱ्यातच आहे. बाबांना विचारा, त्या पडद्यांची उरलेली पट्टी अजून ते कान कोरायला घेतात."

"पुसायला घेतो," सासरे दारातून म्हणाले. "कान नाही, चष्मा."

टकटकरावांनी विषय सोडला. पण तोंडावर हसू आलं नाही, कारण तोवर त्यांचे पाय जमीन वाचू लागले होते. लाकडी फळ्यांची जमीन. प्रत्येक फळी मध्ये खोल आणि कडांना वर, ओळीनं लावलेल्या होड्यांसारखी. यंत्राचं टेबल हात लावताच डुलत होतं.

बाईनं कपाटातून एक पडदा काढून त्यांच्यासमोर धरला. शिवण नागमोडी गेली होती. "ही माझी शिवण आहे, असं माझ्या वैऱ्यालाही पटायचं नाही. टेबल हलतं, सुई पळते. नाट्यगृहाचे पडदे शिवायला घेतलेत. ते परत करावे लागले तर पुन्हा कारखान्यात जायचं, उशांचे अभ्रे मारत बसायचं. खोली नीट होईल ना साहेब?"

बाईची ही खोली राहणार की जाणार, हा प्रश्न आता सरळसरळ टकटकरावांच्या तळहातावर येऊन बसला. त्यांनी नेहमीसारखं उत्तर दिलं, "बघू."

घडलं असं, बाईनं सांगितलं. ती परवा तयार पडदे पोचवायला गेली होती. परत आली तर पाणी उंबरठ्याबाहेर आलेलं, कापडाचे गठ्ठे भिजून दगड झालेले. सासरे झोपले होते. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही आणि झोपतात ते नेमके दुसऱ्या कानावर. तिनं आधी मुख्य नळ बंद केला आणि मग त्यांना उठवलं.

टकटकराव न्हाणीघरात गेले. शॉवरखालची भिंत चकचकीत, आणि टाइलमधले सांधे पांढरेशुभ्र, नव्या वहीच्या कागदासारखे. त्यांनी टकटक सुरू केलं. वर आवाज भरीव. खाली, गुडघ्याच्या उंचीला, सुटा. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं एक सांधा अलगद खरवडला. वर पांढरा थर, खाली मळकट, त्याच्याखाली पुन्हा पांढरा, पुन्हा मळकट. हे एकदा भरलेलं नव्हतं. कुणीतरी पुन्हा पुन्हा भरत आलं होतं.

"हे सांधे कुणी भरले?"

"मीच," बाई म्हणाली. "काल. रंगाबरोबर."

"आणि याच्या खालचे?"

"खालचे कुठले?"

"सूनबाई," सासरे काठी टेकत आले, "तू चहाचं बघ."

सून क्षणभर सासऱ्यांकडे बघत राहिली. मग गेली. टकटकराव त्या एका क्षणाकडे असे बघत होते, जसं मांजर बिळाकडे बघतं.

प्लंबरला आधीच बोलावलेलं होतं. तो गल्लीतलाच, बडबड्या. त्यानं छिन्नी लावून एक टाइल उडवली, मागचा माल फोडला आणि टॉर्च आत घातली. पाइपच्या वळणावरचा पितळी जोड उभा तडकला होता. चीर पिवळीधमक, चकाकणारी. जुनी असती तर हिरवट पडली असती. म्हणजे पाइप खरंच अचानक फुटला होता. पण प्लंबरनं टॉर्च जरा खाली नेली आणि शीळ घातली. खालचा माल काळा पडून बोटानं कालवता येईल इतका मऊ झालेला, आणि बुरशीचा वास असा की नाक मिटावं.

"साहेब," प्लंबर म्हणाला, "एकाच घरात दोन चोर, आणि दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही!"

टकटकरावांना हे अजिबात नको होतं. एकच चोर असता तर काम सोपं. आता कोडं असं: खोलीची जमीन कुणी खाल्ली? परवा फुटलेल्या पाइपनं, की वर्षभर पाझरणाऱ्या सांध्यांनी?

ते फळ्या उचकटायची प्लंबरची कटावणी आणायला मागच्या पडवीत गेले, तर सासरे पाठोपाठ आले. आजूबाजूला बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, सांधे मी भरत होतो. पाणी पाझरतंय हे मला ठाऊक होतं. माझ्याच आंघोळी लांबतात, म्हटलं सूनबाई रागवेल. ती बाहेर गेली की गुपचूप भरायचो. तिला यातलं काहीही माहीत नाही. गुन्हा माझ्या नावावर लिहा आणि तिच्या खोलीचं काय ते देऊन टाका."

टकटकरावांच्या आख्ख्या नोकरीत कुणी आपण होऊन काही कबूल केलं नव्हतं. त्यांना आनंद व्हायला हवा होता.

"आजोबा, घराची पॉलिसी कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच की. घर माझंच."

"मग तुम्हाला ठाऊक होतं म्हणजे घरमालकाला ठाऊक होतं. शिक्षा तुम्हाला आणि भरपाई तिला, असं नसतं हे. हे कोर्ट नाही. घरमालकानं जाणून लपवलं असं मी लिहिलं, तर वरचे साहेब सगळंच नाकारतील, खोलीसकट."

म्हाताऱ्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणजे मी बोललो नसतो तर मिळालं असतं?"

"ते बघायचं होतं अजून."

"आणि आता?"

"आता तुम्ही बोललात."

सासऱ्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. हात थरथरत होते. टकटकरावांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात संशयाचं जुनं यंत्र पुन्हा सुरू झालं. न्हाणीघरातले सांधे आखल्यासारखे सरळ होते. एकाही टाइलवर पांढरा डाग नव्हता.

"आजोबा, कशानं भरायचात?"

"बोटानं."

"बोटानं?"

"म्हणजे... बोटानं, आणि मग सुरीनं."

"जरा आत चला. मला एका हातात मीटर धरायचंय, तेवढी टॉर्च धरा सांध्यावर."

सासऱ्यांनी टॉर्च धरली. उजेड सांध्यावर क्षणभरही ठरेना. कधी नळावर, कधी छतावर, कधी टकटकरावांच्या कानावर.

"पूर्वी नव्हते हो हात थरथरत," सासरे घाईनं म्हणाले.

"पूर्वी म्हणजे कधी?"

सासऱ्यांनी टॉर्च परत त्यांच्या हातात दिली.  टकटकराव सरळ शिवणाच्या खोलीत गेले आणि भिंतीलगतच्या पहिल्या फळीखाली त्यांनी कटावणी घातली.

इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण टकटकरावांची खरी विद्या या ठिकाणी होती. लाकूड महिनोन् महिने ओलं राहिलं तर खालून काळं पडतं, मऊ होतं, त्यातले खिळे गंजून फुगतात. एकदम पाण्यात बुडालं तर फुगतं, वाकतं, पण आतून टणक राहतं आणि खिळे तसेच चमकतात. माणूस काय म्हणतो यावर लाकडाचं काही अवलंबून नसतं.

पहिली फळी उलटी केली. खालून काळी. खिळा गंजाचा बोळा झालेला. दारात उभ्या असलेल्या बाईनं श्वास आत घेतला तो तसाच ठेवला.

दुसरी फळी निघता निघेना. कुरकुरत वर आली. खालून लाकूड पिवळं, कोरडं होऊ लागलेलं, खिळे नव्यासारखे. टकटकरावांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक रुतवून पाहिलं. रुतलं नाही. तिसरी तशीच, खोलीच्या मध्यातली तशीच, पलीकडच्या भिंतीजवळची तशीच. त्यांनी प्रत्येक ठिकाणी वाजवलं, वास घेतला, फोटो काढले. शेवटी ते उठले आणि गुडघे झटकले.

"पाझर भिंतीपाशी एका फळीवरच अडला होता," ते म्हणाले. "बाकीची जमीन पाइप फुटल्यावरच भिजलीय. अचानक. जमीन, कपाटं, भिजलेलं कापड, हे मी द्या म्हणून लिहीन. ही भिंत, ही एक फळी, आतला शॉवर आणि त्याचे सांधे, हे मिळणार नाही. तो खर्च घरचा."

"म्हणजे जमीन मिळेल?" बाईनं विचारलं.

"मिळायला हवी. वरचे साहेब बघतील, पण लाकूड त्यांच्याशीही खोटं बोलायचं नाही."

ती चहा आणायला वळली. सासरे तेवढ्यात जवळ सरकले. "आणि मी मघाशी बोललो ते?"

"आजोबा, मी डोळ्यांनी बघतो ते लिहितो. कानांनी ऐकलेलं पटलं तरच लिहितो. तुमचं मला पटलं नाही."

म्हातारा ताठ झाला. "म्हणजे या वयात मी खोटं बोलतोय?"

"बहुतेक."

"अहो, पण मीच भरले सांधे!"

"हळू बोला," टकटकराव म्हणाले, "नाहीतर पटायला लागेल."

त्या दिवशी त्यांनी चहा घेतला. बशी धरताना त्यांचं लक्ष बाईच्या बोटांकडे गेलं, कापडावर खडूनं न बघता सरळ रेघ मारणाऱ्या बोटांकडे, आणि मग त्यांनी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

घरी जेवताना त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी तुमच्यापुढे गुन्हा कबूल केला," ती म्हणाली, "आणि तोही तुम्हाला पटला नाही!"

"हात बघितले असतेस तर तुलाही पटला नसता."

"मग सुनेनं भरले असतील."

"असतील."

"किंवा मुलानं, सुट्टीवर आल्यावर."

"असेल."

"नाहीतर म्हाताऱ्यानंच, हात चांगले असताना."

टकटकरावांचा घास हातातच राहिला.

"अहो, पण जमीन पाइपनंच भिजली ना? मग तुम्हाला काय करायचंय त्या सांध्यांचं? जेवा."

त्यांनी लिहिलं ते खरंच होतं, एकूण एक. संशय आला म्हणून एखाद्याचं काम अडवणं त्यांना नवं नव्हतं. संशय आला म्हणून एखाद्याचं काम होऊन जाणं नवं होतं, आणि ते त्यांना दातात अडकलेल्या तुसासारखं टोचत होतं. म्हाताऱ्याच्या कबुलीवर आपला खरोखरच विश्वास बसला नव्हता, की बसू नये असं आपल्याला वाटलं होतं? हा संशय मात्र वाजवून बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

मंजुरी आली. नवी जमीन बसल्यावर बाईचा फोन आला. मागे शिवणयंत्र चालू होतं, बोलता बोलता ती शिवतच असावी. आवाज एकसारखा, न अडखळणारा.

"साहेब, सगळं नीट झालं. नाट्यगृहाचे पडदेही घेतले त्यांनी. बाबा म्हणतात, एकदा चहाला या. आता भिंतीची भानगड नाही, नुसत्या चहाला."

"येईन. आजोबा बरे आहेत?"

"बरे आहेत. आता भराभर आंघोळ उरकतात, काय झालंय कोण जाणे."

"ताई, एक विचारू?"

"विचारा ना."

टकटकरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. उत्तर मिळालं असतं, तर ते कानांनी ऐकलेलं ठरलं असतं, आणि कदाचित पटलंही असतं. "काही नाही," ते म्हणाले, "टेबल डुलत नाही ना, एवढंच विचारायचं होतं."

"अजिबात नाही," बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

टकटकराव फोनच्या पाठीवर बोटानं टकटक करू लागले. म्हातारा पडवीत कबुली द्यायच्या कितीतरी आधी त्या बाईनं "मीच भरले, काल" असं म्हटलं होतं. ते तिनं स्वतःला वाचवायला म्हटलं, की म्हाताऱ्याला?